प्रकल्प नोंदी : बंद जनुक किती बंद असतं?

८ जानेवारी

विषय ठरला. आमच्या लॅबमध्ये रोज कुणी ना कुणी शेकरवरच्या फ्लास्कमध्ये आयपीटीजी, म्हणजे बंद जनुक चालू करणारं रसायन, घालत असतं. ई. कोलाय या जिवाणूकडून एखादं प्रथिन बनवून घ्यायचं, तर ओडी (पेशींच्या दाटीमुळे येणारा गढूळपणा) योग्य झाली की आयपीटीजी घालायचं, तीन-चार तास थांबायचं आणि पेशी खाली बसवायच्या. पण हे आयपीटीजी ज्याला जाऊन चिकटतं, त्या लॅक रिप्रेसरची, म्हणजे जनुक अडवून धरणाऱ्या प्रथिनाची, साधी विचारपूसही कुणी करत नाही. जनुकांवर ताबा ठेवणाऱ्या प्रथिनांचा सगळा अभ्यास जिथून सुरू झाला, ते हे प्रथिन. मला त्याच्यावरच काम करायचं होतं.

मॅडमनी विचारलं, "सगळं तर पुस्तकात आहे, तू नवं काय मोजणार?" मी म्हटलं, पुस्तकात जनुक 'बंद' आणि 'चालू' अशी दोन चित्रं असतात. बंद असताना ते नेमकं किती बंद असतं आणि ते कशाच्या जोरावर, ते मला स्वतःच्या हातांनी मोजायचंय. मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग ताईकडून स्ट्रेन घे." ताई म्हणजे आमच्या लॅबमधल्या पीएचडीच्या शेवटच्या वर्षातल्या. स्ट्रेन म्हणजे जिवाणूचा ठरावीक वाण.

११ जानेवारी

मांडणी आधी इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदी समजतील.

ई. कोलायला लॅक्टोज पचवायला बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हे एन्झाइम लागतं, त्याचं जनुक लॅकझेड. लॅक्टोज आत घेणाऱ्या प्रथिनाचं जनुक लॅकवाय. लॅक्टोज नसताना ही दोन्ही बनवणं म्हणजे फुकटचा खर्च. म्हणून लॅक रिप्रेसर लॅकझेडच्या सुरुवातीजवळच्या डीएनएवर, ऑपरेटरवर, बसून राहतो आणि आरएनए बनू देत नाही. लॅक्टोज आलं की त्याच्यापासून अ‍ॅलोलॅक्टोज तयार होतं, ते रिप्रेसरला चिकटतं, रिप्रेसरचा आकार किंचित बदलतो आणि डीएनएवरची पकड हजारेक पटींनी ढिली होते. आयपीटीजी हे अ‍ॅलोलॅक्टोजची जागा घेणारं रसायन. पेशी ते खात नाही, त्यामुळे त्याचं प्रमाण कायम राहतं. मोजमापाला हे फार सोयीचं.

आता गंमत अशी की अ‍ॅलोलॅक्टोज बनवतं कोण? बीटा-गॅलॅक्टोसिडेझच. आणि लॅक्टोज आत आणतं कोण? लॅकवायचं प्रथिन. म्हणजे जनुक शंभर टक्के बंद असतं तर लॅक्टोज समोर असूनही पेशीला त्याचा पत्ता लागला नसता. थोडी गळती हवीच. या प्रकल्पात माझं लक्ष त्या गळतीवर राहणार.

१७ जानेवारी

संक्रांतीला घरी जाऊन आले. गाडीत जुने शोधनिबंध वाचले आणि एका प्रयोगापाशी अडकले.

१९५९, पॅरिसमधली पाश्चर इन्स्टिट्यूट. आर्थर पार्डी, फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी चांगली लॅकआय (रिप्रेसरचं जनुक) आणि लॅकझेड जनुकं असलेल्या जिवाणूंचा संकर ती दोन्ही बिघडलेल्या जिवाणूंशी केला, आणि माध्यमात इंड्यूसर, म्हणजे आयपीटीजीसारखं रिप्रेसरला सोडवणारं रसायन, मुळीच घातला नाही. चांगली जनुकं नव्या पेशीत शिरल्याबरोबर एन्झाइम बनायला लागलं. नंतर तासाभरात ते बनणं थांबलं. नव्या पेशीत आधी रिप्रेसर नव्हताच, त्यामुळे सुरुवातीला अडवायला कुणी नव्हतं. लॅकआयने रिप्रेसर बनवून साठवला आणि मग दार लागलं. जनुक चालू करणारा कुणीतरी असावा असं मोनो यांना आधी वाटत होतं. या आलेखाने उत्तर उलटं दिलं: अडवणारा कुणीतरी आहे, आणि तो पेशीभर फिरू शकतो. १९६१ साली त्यांनी सगळी कल्पना सविस्तर मांडली, १९६५ साली जाकोब, मोनो आणि आंद्रे ल्वॉफ यांना नोबेल मिळालं. आणि हा रिप्रेसर नक्की कशाचा बनलाय, हे तेव्हाही कुणाला ठाऊक नव्हतं!

ते कळलं १९६६ साली, हार्वर्डमध्ये. वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी किरणोत्सारी आयपीटीजी घेतलं, पेशींचा अर्क डायलिसिसच्या पिशवीत भरला आणि पिशवीच्या आत आयपीटीजी बाहेरच्यापेक्षा जास्त साचतं का ते पाहिलं. साचत होतं, किंचित. प्रथिन तोडणारं एन्झाइम घातलं की साचणं बंद. म्हणजे रिप्रेसर हे प्रथिन. इतका किंचित फरक का, तर एका पेशीत या प्रथिनाचे जेमतेम दहाएक रेणू असतात, प्रत्येक चार साखळ्यांचा. दहा! ई. कोलायच्या जीनोममध्ये ४६ लाख बेसजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) आहेत आणि मुख्य ऑपरेटर २१ बेसजोड्यांचा. दहा रेणूंनी ही जागा शोधायची आणि धरून ठेवायची.

२३ जानेवारी

मिलर अ‍ॅसेची, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेझ किती आहे ते रंगावरून मोजायची तयारी. जेफ्री मिलर यांनी १९७२ साली लिहून ठेवलेली ही पद्धत अजून जगभर चालते, आणि का चालते ते करायला घेतल्यावर कळतं. महागडं यंत्र एकच, स्पेक्ट्रोफोटोमीटर.

पेशी वाढवायच्या, ६०० नॅनोमीटरला ओडी घ्यायची, बर्फात ठेवायच्या. झेड बफरमध्ये मिसळून क्लोरोफॉर्मचे थेंब आणि थोडं एसडीएस घालायचं, म्हणजे पेशीचं आवरण झिरपतं होतं. मग ओएनपीजी घालायचं. ते रंगहीन असतं. एन्झाइमने तोडलं की पिवळं होतं. पिवळं झालं की सोडियम कार्बोनेट ओतायचं. पीएच अकराच्या आसपास जातो, एन्झाइम जागच्या जागी थांबतं आणि पिवळा रंग आणखी गडद होतो. ४२० ला रंग मोजायचा, ५५० ला पेशींच्या कचऱ्यामुळे आलेला गढूळपणा मोजायचा, त्याची पावणेदोन पट पहिल्यातून वजा करायची. उरलेल्याला वेळ, आकारमान आणि ओडी यांनी भागून हजाराने गुणलं की मिलर एकक.

ताईंनी तीन गोष्टी बजावल्या. एक, रात्रभर वाढलेल्या कल्चरवर मोजायचं नाही. बीटा-गॅलॅक्टोसिडेझ टिकाऊ आहे, जुनं एन्झाइम पेशींत तसंच राहतं. ताज्या माध्यमात पेशी बऱ्याच पिढ्या वाढू द्यायच्या म्हणजे ते विरळ होऊन जातं. दोन, क्लोरोफॉर्म तळाशी बसू द्यायचा आणि वरचंच द्रव उचलायचं, नाहीतर प्लास्टिकची क्युव्हेट धुरकट होते आणि आकड्यांवर भरवसा राहत नाही. तीन, तापमान. मूळ पद्धत २८ अंशांची. पण आमचं वॉटर बाथ फक्त तापवतं, थंड करत नाही, आणि पुण्यात मार्चनंतर खोलीच २८ च्या वर असते. म्हणून सगळं ३७ ला करायचं ठरवलं, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत.

झेड बफरमध्ये मरकॅप्टोइथेनॉल घातलं तेव्हा वास फ्यूम हूडबाहेर आला. मामा लांबूनच मला म्हणाले, "ताई, आज तुमचं काम सुरू झालं वाटतं." लॅब सांभाळणाऱ्या मामांना सगळे प्रयोग वासावरून ओळखता येतात.

१ फेब्रुवारी

पहिला चांगला संच. मूळ स्ट्रेन, म्हणजे तिन्ही ऑपरेटर जागेवर.

आयपीटीजी घातलेल्या नळ्यांत ओएनपीजी पडलं आणि स्टॉपवॉच हातात घेऊन बघते तोवर पिवळं. इकडे विना आयपीटीजीच्या नळ्या दिसायला पाण्यासारख्या. जेवून आले, तरी तशाच. पेशी दसपट घेतल्या होत्या तरी. दुपार कलल्यावर पांढऱ्या कागदावर धरून बघितलं तेव्हा कुठे शेजारच्या लॅकझेड नसलेल्या नळीपेक्षा वेगळा, लिंबाच्या पाण्याइतका रंग दिसला. ती लॅकझेड नसलेली नळी इथे फार महत्त्वाची. इतक्या तासांत ओएनपीजी स्वतःहूनही थोडं तुटतं, ते वजा केलं नाही तर गळती आहे त्यापेक्षा मोठी दिसेल.

हिशेब केला: चालू असताना हजार एककांच्या आसपास, बंद असताना एकच्या आतबाहेर. हजार पट! बंद नळीतला तो फिकट रंग मी बराच वेळ बघत बसले. पेशींत तुरळक का होईना, एन्झाइम आहे. पेशीने दार किलकिलं ठेवलंय.

१० फेब्रुवारी

आज मूळ प्रश्नाला हात घातला. ऑपरेटर तीन आहेत. ओ१ मुख्य, प्रमोटरला (जिथून आरएनए बनायला सुरुवात होते त्या जागेला) लागून. ओ२ हा ओ१ पासून ४०१ बेसजोड्या पुढे, चक्क लॅकझेडच्या पोटात. ओ३ हा ९२ बेसजोड्या मागे. ओ२ आणि ओ३ वर रिप्रेसर कमजोर बसतो आणि तिथे बसून तो थेट काही अडवत नाही. म्हणून बराच काळ त्यांना उरलेसुरले तुकडे समजलं जायचं.

१९९० साली म्युलर-हिल यांच्या गटाने, श्टेफान ओएलर यांच्या हातून, ते एकेक करून मोडले. ओ२ चा क्रम बदलायचा तर लॅकझेडची अमिनो आम्लं बदलू नयेत अशा बेताने कोडॉन निवडावे लागतात, ते त्यांनी केलं. तिन्ही असताना दडपण (चालू आणि बंद यांतला फरक) १३०० पट. ओ२ किंवा ओ३ यांपैकी एक मोडला तर दोन-तीन पटींनी कमी. दोन्ही मोडले, एकटा ओ१ ठेवला, तर फक्त १८ पट.

एकट्या ओ१ चा ताईंचा स्ट्रेन आज लावला. विना आयपीटीजीची नळी, जी मागच्या वेळी दुपारभर पाण्यासारखी होती, ती चहा पिऊन येईपर्यंत पिवळी. पन्नासच्या जवळपास एकक. मुख्य ऑपरेटर अख्खा, रिप्रेसर तोच, तितकाच, आणि तरी गळती अशी. वाचलेलं असूनही नळी हातात घेतल्यावर अंगावर काटा आला.

१४ फेब्रुवारी

कारण रिप्रेसरच्या घडणीत आहे. एक साखळी ३६० अमिनो आम्लांची. दोन साखळ्या मिळून एक जोडी, जोडीला डीएनए धरायचा एक पंजा. दोन जोड्या शेपटाकडून बांधलेल्या, म्हणजे एका रेणूला दोन पंजे. १९९६ साली मिचेल लुईस आणि सहकाऱ्यांनी स्फटिकावरून हा आकार दाखवला, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. एक पंजा ओ१ वर, दुसरा ओ२ किंवा ओ३ वर, आणि मधला डीएनए वळून लूप झालेला.

डीएनए कितीही घट्ट धरला तरी पंजा अधूनमधून सुटतोच, प्रत्येक बंध सुटतो. एकच पंजा असेल तर सुटलेला रेणू पेशीत कुठेही भटकतो. दोन दाव्यांनी बांधलेल्या जनावराचं तसं नसतं: एक दावं निसटलं तरी ते गोठ्यातच असतं आणि परत बांधणं सोपं जातं. ओ१ वरचा पंजा सुटला तरी दुसरा ओ३ वर आहे, त्यामुळे ओ१ जवळ रिप्रेसरचं प्रमाण भलतंच जास्त राहतं. ई. कोलायएवढ्या पेशीत एक रेणू म्हणजे साधारण एक नॅनोमोलर. लूपमुळे त्या एका जागेपुरतं हे प्रमाण कैक पटींनी वाढतं. दहा रेणूंत काम भागतं ते असं.

मॅडम म्हणाल्या, "अगं, मग पेशीने ओ१ च आणखी घट्ट का नाही केला?" करता आला असता. ओ१ चा क्रम बघितला तर तो एएटीटीजीटी ने सुरू होतो आणि एसीएएटीटी ने संपतो, म्हणजे दोन्ही धाग्यांवर आपापल्या दिशेने वाचलं तर टोकं सारखीच. मध्ये मात्र ही जुळणी बिघडते. ती पूर्ण जुळवून आणि मधली एक बेसजोडी काढून प्रयोगशाळेत आदर्श ऑपरेटर बनवलाय, त्यावर रिप्रेसर ओ१ पेक्षा साधारण दसपट घट्ट बसतो. निसर्गातल्या ई. कोलायमध्ये तो नाही. माझं मत असं की पेशीला घट्टपणा आणि चटकन सुटणं ही दोन्ही हवी आहेत, आणि दोन मध्यम पकडींत ती एकत्र मिळतात. हे मत आहे, सिद्ध करायला माझा प्रकल्प पुरणार नाही.

२६ फेब्रुवारी

ताईंनी शुद्ध केलेला रिप्रेसर घेऊन जेल शिफ्ट, म्हणजे डीएनए विजेच्या जोरावर जेलमधून पळवून बघायचा. ऑपरेटर असलेला डीएनएचा छोटा तुकडा एकटा धावला की खाली पोचतो. रिप्रेसर चिकटला की जड होतो आणि वर अडकतो. तिसऱ्या खान्यात आयपीटीजीही घातलं होतं, तिथला पट्टा पुन्हा खाली. ट्रान्सइल्युमिनेटरवर तिन्ही खाने शेजारी-शेजारी बघताना जाकोब-मोनोंचा सगळा युक्तिवाद एका जेलवर दिसतो. फोटो वहीत चिकटवला.

८ मार्च

२००८ चा शोधनिबंध, हार्वर्डमधल्या सनी शी यांच्या गटाचा. आतापर्यंत वाचलेल्यांत सगळ्यात आवडलेला.

त्यांनी लॅकवायच्या प्रथिनाला चमकणारं प्रथिन जोडलं आणि एकेका पेशीत रेणू मोजले. गळती संथ धारेसारखी नसते, झटक्यांत येते. झटके दोन जातींचे. रिप्रेसरचा एक पंजा सुटला आणि लगेच परत बसला, तर त्या फटीत जेमतेम एखादा आरएनए बनतो, थोडी प्रथिनं, बस्स. दोन्ही पंजे एकदम सुटले आणि रेणू भटकायला निघाला, तर परत कुणीतरी येऊन बसेपर्यंत बराच वेळ जातो, त्यात आरएनएची रास पडते. इंड्यूसर थोडाच असेल तेव्हा असा एक मोठा झटका बसलेली पेशी आत आणखी इंड्यूसर ओढते, त्याने रिप्रेसर आणखी सुटतो आणि ती पूर्ण चालू अवस्थेत जाते. शेजारची, तेच जनुक, तेच माध्यम, ती बंदच.

नोव्हिक आणि वीनर यांनी १९५७ सालीच दाखवलं होतं की कमी इंड्यूसरमध्ये सगळ्या पेशी अर्ध्या-अर्ध्या चालू होत नाहीत. काही पूर्ण चालू, बाकीच्या पूर्ण बंद. पेशी कशी निवडली जाते याचं उत्तर पन्नास वर्षांनी मिळालं: एका रेणूचं एकदा सुटणं. माझ्या नळीतला फिकट पिवळा रंग हा अशा कोट्यवधी सुटण्यांची बेरीज आहे. मिलर अ‍ॅसे सरासरी सांगतो, एकेकीचं सांगत नाही, ही त्याची मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहायची.

१५ मार्च

माझा स्वतःचा भाग. लूप खरा असेल तर दोन ऑपरेटरमधलं अंतरच नव्हे, त्यांच्या बाजूही जुळायला हव्यात. डीएनएचा एक वेढा साडेदहा बेसजोड्यांचा. मध्ये पाच घातल्या तर मागचा ऑपरेटर जवळपास उलट्या बाजूला तोंड करतो. अकरा घातल्या तर परत त्याच बाजूला. १९८४ साली रॉबर्ट श्लाइफ यांच्या गटाने अरॅबिनोजच्या ऑपेरॉनवर ही युक्ती पहिल्यांदा वापरली, १९९६ साली म्युलर-हिल यांच्या गटाने लॅकवर अंतर थोडं थोडं बदलत नेलं आणि दडपण लाटेसारखं वरखाली होताना दाखवलं.

खऱ्या ऑपेरॉनमध्ये ओ३ आणि ओ१ च्या मध्ये सीएपी हे दुसरं नियंत्रक प्रथिन बसतं, तिथे बेसजोड्या घुसवल्या तर त्याचीही जागा हलते. म्हणून साधी रचना घेतली: मागे आदर्श ऑपरेटर, मग अंतर, मग सीएपीवर अवलंबून नसलेला लॅकयूव्ही५ प्रमोटर, ओ१, लॅकझेड. ओ२ मोडलेला. हे प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) ठेवता येत नाही. प्लाझ्मिडच्या प्रती भरपूर आणि रिप्रेसरचे रेणू दहा. सगळे ऑपरेटरांतच वाटले जातील. म्हणून गुणसूत्रावर एकच प्रत.

प्रायमर (हे बदल करायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) आले. सिक्वेन्सिंगला पाठवायच्या आधी एक्स-गॅलच्या (एन्झाइमने तोडलं की निळं होणाऱ्या रसायनाच्या) प्लेटवर कॉलनी टाकल्या.

२९ मार्च

सिक्वेन्सिंग बरोबर आलं: मूळ अंतर, अधिक पाच, अधिक अकरा. प्लेटवरच फरक दिसतोय. आयपीटीजी नसलेल्या प्लेटवर अधिक-पाचच्या कॉलनी स्पष्ट निळसर, बाकी दोन पांढऱ्याच्या जवळ. पण एक्स-गॅलच्या रंगावर आकडा काढायचा नाही. कॉलनी किती दिवसांची, किती मोठी, यावर तो बदलतो.

परवा रात्री वीज गेली, शेकर थांबला. ती कल्चरं टाकून दिली. ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशींची वाढ वेगळी, आकडेही वेगळे येणार.

९ एप्रिल

मोजमाप पूर्ण. अधिक-पाचमध्ये गळती कैक पटींनी जास्त. अधिक-अकरामध्ये ती परत खाली, मूळ अंतराच्या जवळ. आयपीटीजी घातल्यावर तिन्ही स्ट्रेन सारखेच चालतात, म्हणजे प्रमोटरचं काही बिघडलेलं नाही. फरक फक्त दडपणात आहे.

अधिक-पाचमध्ये दडपण पूर्ण नाहीसं होत नाही, हेही बघण्यासारखं. डीएनए थोडा पिळ सहन करतो, रिप्रेसरचे दोन हातही ताठ नाहीत. किंमत मोजून लूप थोडा-थोडा होतच असणार.

१६ एप्रिल

मॅडमचा आग्रह होता तो शेवटचा नियंत्रण प्रयोग. रिप्रेसरच्या शेपटाकडची शेवटची ११ अमिनो आम्लं काढली की दोन जोड्या एकमेकींना बांधल्या जात नाहीत. प्रथिन ओ१ वर बसतं, आयपीटीजी ओळखतं, पण पंजा एकच. लूप अशक्य.

या रिप्रेसरबरोबर तिन्ही अंतरांचे स्ट्रेन लावले. नळ्या रॅकवर एका ओळीत ठेवल्या आणि तिन्ही एकाच वेळी, एकाच छटेने पिवळ्या होत गेल्या. पाच घातलेत की अकरा, याचा काही फरकच उरला नाही. स्पेक्ट्रोचे आकडेही तेच सांगतात. म्हणजे आधीचा चढउतार अंतरामुळे प्रमोटरवर झालेला परिणाम नव्हता, दोन पंज्यांचाच होता. मॅडमनी आकडे पाहिले, वही बंद केली आणि म्हणाल्या, "आता लिहायला बस."

२२ एप्रिल

सगळे स्ट्रेन ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवले, प्रत्येकी दोन नळ्या. डबा तिसऱ्या रॅकवर, हिरवं झाकण. झाकणाच्या आत यादी चिकटवली आहे. पुढे जो कुणी घेईल त्याच्यासाठी: अधिक-सोळा आणि अधिक-एकवीस यांचे प्रायमर बनवून त्याच डब्याशेजारी उणे २० ला ठेवलेत. एकट्या ओ१ चा स्ट्रेन प्रत्येक संचात सोबत लावावा, आणि विना आयपीटीजीच्या नळ्यांना घाईने कार्बोनेट घालू नये.